चार इंच

बेस्याच्या पुढं, जिथं परवापर्यंत तुरीचं शेत होतं,
वरोकरांच्या बंगल्यामागं आता निळं पाणी आहे.
चोवीस बाय बारा. एका टोकाला साडेपाच फूट खोल.
मे महिना. सेहेचाळीस डिग्री.
टेपची पट्टी बोटाला चटका देते.

साहेब म्हणाले, "निनावे, कुंपण असं बनवा
की दिसलंच नाही पाहिजे. व्ह्यू जातो."
न दिसणारं कुंपण मी बावीस वर्षांत बनवलेलं नाही.
म्हटलं, साहेब, तशी फक्त नजर असते.
आणि नजरेला फोन येतो,
नजरेचं दूध उतू जातं,
दुपारी दोनला नजर पाय लांब करून पडते.

मग सांगितलं, बिल सांगतो त्याच आवाजात:
उंची पाच फूट. चारात भागतं, पण पाच करा.
मधे आडवी पट्टी नाही,
आडवी पट्टी म्हणजे पोट्ट्याले शिडी.
दोन गजांत चार इंच, खाली फरशीपासूनही तेवढंच.
फाटक पाण्याकडं नाही, बाहेर उघडेल,
स्प्रिंगच्या बिजागरीवर, सोडलं की आपलं आपण बंद.
कडी वरती, आतल्या अंगाला.
आणि मॅडम, खुर्ची कुंपणाला लावून ठेवायची नाही.
खुर्चीला पाय चार असतात,
चालवायला पोट्टं एकच लागतं.

"एवढं कशाला हो? आम्ही असतोच ना घरात."

सगळे असतातच घरात.

तेवढ्यात त्यांची नात आली, मैथू,
अडीच वर्षांची, एकाच पायात चप्पल.
तिच्या कानांच्या वर टेप आडवा धरला.
तिला वाटलं टोपी शिवतोय.
"गुलाबी पाहिजे," म्हणाली.
पाच इंचाला दोन सूत कमी.
बाकी सगळी मापं वहीत लिहिली, हे नाही लिहिलं.
साहेब बघत होते.
मग म्हणाले, "पाचच फूट करा."

आमच्या तांडापेठेतल्या घरात कूलर नव्हता.
नागपुरात, मे महिन्यात, कूलर नव्हता.
आई खिडकीला पोतं भिजवून टांगायची,
रात्री उठून पुन्हा भिजवायची.
कारण कधी सांगितलं नाही.
तिच्या तेराव्याला मोठ्या बहिणीनं सांगितलं:
तुझ्या आधी एक होता. नुकता चालायला लागलेला.
कूलर भरायचा टब. पाणी नऊ इंच.
आई तांदूळ निवडत होती, सात पावलांवर.
आवाज नाही आला गं,
एवढंच म्हणायची म्हणे, वर्षानुवर्षं,
आवाज नाही आला.

कुंपण उभं राहिलं. फाटक मी अकरा वेळा सोडून पाहिलं.
सहाव्या वेळी बिजागरी अडली.
तेल नाही घातलं, काढूनच टाकली, दुसरी लावली.
खट्.
साहेबांना आवाज मोठा वाटला.
असू द्या, म्हटलं.

पंधरा दिवसांनी उरलेले पैसे घ्यायला गेलो
तर फाटक सताड उघडं.
माळ्यानं खाली वीट लावलेली,
पाइप न्यायला सोपं पडतं म्हणून.
साधी वीट, एका कोपऱ्याला फुटलेली.
पाणी उन्हात एवढंसं हलत होतं.
मी कोणाला काही बोललो नाही.
वाकलो, वीट उचलली,
पाठीमागं खट्.
पायाशी ठेवून स्कूटरवर घरी आणली,
पैसे मागायचे राहूनच गेले.

आता ती वीट आमच्या टाक्याच्या झाकणावर असते.
झाकणही मीच केलं, त्याच कामाच्या उरलेल्या पट्ट्यांचं.
बायको म्हणते, दर वेळी पाणी काढायला वीट उचला, झाकण सरकवा,
काऊन एवढं? आपल्या घरी लहान आहे कोण?

कोणी नाही.
पण पलीकडच्या परातेंच्या सुनेचं पोट्टं
काल उंबरा ओलांडायला शिकलं.